सयाजीचं टेबल

कोयनेचा भूकंप परत आला तरी हे टेबल हलणार नाही, असं सयाजीने आठवडाभरात कुपवाडातल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं होतं!

पलटणीत पंधरा वर्षं फिटर म्हणून काढलेला हा कोरेगावचा गडी भाऊसोंच्या नव्या कारखान्यात फोरमन होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यात ग्राइंडर बसवलेलं हे एकच लोखंडी टेबल. त्याचे चारही पाय सयाजीने दीड-दीड फूट जमिनीत गाडले होते आणि परमिटवर मिळालेलं सगळं सिमेंट त्यांच्याभोवती ओतलं होतं. वीज मात्र भिंतीवरच्या प्लगातून लोंबत्या वायरीने घेतली होती.

शनिवारी सरकारी वीज तपासनीस आले. त्यांनी पास केलं तर सोमवारी काम सुरू. नाहीतर पंपाच्या भागांची पहिलीवहिली ऑर्डर दुसऱ्याच्या दारात जाणार. भाऊसोंनी सयाजीला गप्प राहायला बजावलं होतं. पण साहेब टेबलाजवळ पोचायच्या आधीच सयाजी म्हणाला, "साहेब, भूकंप आला तरी हलायचं न्हाई."

तपासनिसांनी चष्मा पुसला. लोंबती वायर फक्त जागची हलवता येणाऱ्या वस्तूला चालते, पक्क्या बसवलेल्या टेबलाला पाइपातूनच वायरिंग हवं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पाइप यायला पंधरा दिवस होते.

"हलतं की," भाऊसो म्हणाले. "सयाजीराव, दाखवा हलवून."

भर परेडमध्ये पट्टा काढायला सांगावं, तसं सयाजीने मालकाकडे पाहिलं. आठ कामगार टेबलाला भिडले. ते तसूभरही सरकलं नाही. भाऊसोंना घाम फुटला आणि सयाजीची छाती दोन इंच फुगली.

तपासनीस सज्जन माणूस. सातारची एसटी पाचला आहे, तोवर हललं तर पास करतो, म्हणाले. भाऊसोंनी सयाजीच्याच हातात पहार दिली. बाराला ठोकाठोक सुरू झाली. पहिली पहार वाकली, दुसरी वाकली. दर घावाला सयाजी कामगारांना सांगत होता, "बघा गड्यांनो, ह्याला म्हंत्यात बसवनं!" साडेचारला चौथा पाय सुटला आणि टेबल बोटभर सरकलं. भाऊसोंनी लगेच एकाला सायकलवरून पेढे आणायला पिटाळलं.

'टेबल हलविता येते,' असं लिहून तपासनिसांनी सयाजीला सही करायला सांगितलं. सयाजीने ते वाक्य दोनदा वाचलं. पलटणीतसुद्धा त्याच्या कामावर कुणी असा डाग ठेवला नव्हता. सही करून त्याने खाली जपून एक ओळ लिहिली आणि कागद परत दिला.

तपासनिसांनी ती मोठ्याने वाचली, "आठ माणसे, तीन पहारी व साडेचार तास लागले." त्यांनी पुन्हा पेन उघडलं. "ज्याला साडेचार तास लागतात, त्याला हलणारं म्हणत नाहीत," असं म्हणून वरची ओळ खोडली, पाइपाच्या वायरिंगचा शेरा मारला आणि ते एसटी गाठायला निघाले.

पेढे आले तेव्हा भाऊसो डोकं धरून पायरीवर बसले होते. सयाजीने पुडा सोडला आणि पहिला पेढा टेबलावर ठेवला.

"आपुन नापास झालो, मालक," तो म्हणाला, "पन टेबल पास झालं."