दहा लाख तीनला भाग जात नाही

संख्येला नातेवाईक नसतात, म्हणून न्याय करावा तर तो संख्येनेच. आमच्या नेत्रसाहाय्य कार्यालयात पूर्वी कुणाचा अर्ज कोणत्या टेबलावर जाणार, हे ओळखीपाळखीवर ठरे. आता अर्जाच्या क्रमांकाला ज्या टेबलाच्या नंबराने पूर्ण भाग जातो, त्या टेबलावर तो जातो. अनेकांनी जात असेल, तर त्यांतल्या सर्वांत मोठ्या नंबराच्या टेबलावर. टेबलं एकूण बारा. (एक नंबरला साहेब बसतात. एकने कशालाही भाग जातो, म्हणून त्यांच्याकडे थेट काहीच न्यायचं नाही, असा नियम आहे. तोही योग्यच.)

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना दहा लाख तीन हा क्रमांक मिळाला. अर्ज वडिलांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा. डावा आधीच गेलेला. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती.

दहा लाख तीन ही संख्या दिसायला गरीब, पण भारी हट्टी. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. मी सात नंबरला बसतो. तीनदा भागून पाहिलं, बाकी चार. नऊ नंबरच्या मॅडमनी भागलं, बाकी चार. अकरा नंबरवाल्यांचेही चारच उरले. इतकं एकमत या कार्यालयात पूर्वी कधी झालेलं नाही. आम्ही चहा मागवला.

"अहो दादा, एक वाढवून लिहा ना," बाई म्हणाल्या. "तिनाचे चार केलेत तर कुणाचं काय जातंय?"

"असं कसं, ताई? मग ते चार नंबरला जाईल. तो माणूस आधीच कामाने वाकलाय."

म्हणजे नियमाप्रमाणे एकच टेबल उरलं: दहा लाख तिसरं. ते आमच्याकडे नव्हतं. तुम्हाला वाटेल, आम्ही हात वर केले असतील. छे! तातडीने सुताराला बोलावलं. टेबलं क्रमानेच करून घ्यावी लागतात (मधले नंबर गाळले की लोक संशय घेतात). तेरावं टेबल आठवड्यात आलं. तिथेही भागून पाहिलं, बाकी चार. आता राहिली नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्वद टेबलं. रोज एक धरलं तर दोन हजार सातशे एकोणचाळीस वर्षं, सुट्ट्या न धरता. सुतार म्हणतो, रोज एक जमणार नाही.

बाई रोज यायच्या. एकदा टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "माझ्या बाबांच्या डोळ्यांपुढे अंधार होतोय हो, आणि तुम्ही भागाकार कसले करत बसलाय!" मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. म्हणून मी पुन्हा एकदा भागून पाहिलं.

महिना उलटला. बाबांची नजर गेली. अर्जात 'अंधुक दिसते' असं लिहिलेलं होतं. मजकूर वस्तुस्थितीशी जुळेना, म्हणून अर्ज निकाली काढण्यात आला.

दर पाच अर्जांत साधारण एक असा निघतो. तरी या पद्धतीविरुद्ध तक्रार म्हणाल तर आजवर एकही नाही. कशी असेल? हे वाचता वाचता तुम्हीही तुमच्या अर्जाची पावती काढून शेवटचा आकडा बघितलातच की. सम निघाला. हुश्श केलंत आणि पावती परत खिशात ठेवलीत. त्या हुश्शची आमच्याकडे 'जनतेची संमती' म्हणून नोंद होते.