सोपानरावांचे बिनधारेचे चाकू

सोपानरावांच्या घरी अकरा चाकू होते आणि कांदा ते विळीवर चिरायचे.

चाकू साधे नव्हेत, कळीचे. सगळ्यात भारी मोराचा. मोराचा डोळा दाबला की पिसारा फिरायचा, खालून पातं निघायचं आणि टक्, टक्, टक् असं तीन टप्प्यांत उभं राहायचं. एवढा खटाटोप करून त्या पात्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं. "याचा उपयोग काय?" असं विचारलं की सोपानराव माझ्याकडं कीव केल्यासारखं बघायचे. "कापाया विळी हाय की. चाकूनं उघडावं अन् मिटावं. बास."

धंद्यानं ते विहिरींवरचे पंप दुरुस्त करणारे. एका वर्षी दुष्काळात लातूरच्या आसपासच्या विहिरी आटल्या, पंप गप्प झाले आणि सोपानरावांना कलेसाठी हवी तेवढी फुरसत मिळाली. सगळी गल्ली घागरी घेऊन टँकरमागं पळायची, हे पंपाच्या जुन्या बुशांचं पितळ घासून चाकू घडवत बसायचे. त्यांच्या बायकोची, शांतावहिनींची, नजर काही वर्षांपूर्वीच गेलेली, त्यामुळं स्वयंपाकही यांच्याकडंच. चिरून झालं की विळी उंच फळीवर जायची आणि चाकू मात्र घरभर लोळायचे. कलावंतांच्या घरी सगळं उलटंच असतं, अशी मी समजूत करून घेतली होती.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. पाणी यायचं होतं, पण जिल्हा आला. मी एका नव्या कचेरीत कारकून लागलो. आमच्या निम्म्या फायली अजून उस्मानाबादेतच होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळलं, की फीत कापायची कात्रीही तिथल्याच एका कपाटात आहे. नवी विकत घ्यावी तर मंजुरी हवी आणि मंजुरीची फाइलही तिथंच. साहेब म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत काहीतरी करा." मला मोर आठवला.

"एका दिवसापुरती धार लावून द्या," मी सोपानरावांना म्हणालो.

"धार लावत न्हाई. न्यायचा तर असाच न्या, क्लार्कसाब."

मी नेला आणि त्यांना न सांगता चौकातल्या धारवाल्याकडून पातं चांगलं परजून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी डोळा दाबला, पिसारा फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि फीत एका झटक्यात तुटली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. उपयोग या विषयावर आता सोपानरावांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी थेट त्यांच्या घरी गेलो.

"घ्या तुमचा मोर," मी चाकू उघडून दाखवत म्हणालो. "माणसानं वस्तू कामाची करावी."

टक्टक् ऐकून वहिनींनी हात पुढं केला. "मोर आला व्हय, भाऊजी? आणा हिकडं." आणि सवयीनं त्यांची बोटं पात्याकडं निघाली.

पितळ घासत बसलेले सोपानराव कधी उठले ते मला दिसलंच नाही. त्यांनी पातंच मुठीत धरलं. मुठीतून रक्त गळायला लागलं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काय न्हाई. कळ अडकून राहिली जरा. घासून देतो."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांना खुळ्यात काढलं होतं आणि हा माणूस घरातल्या एकाच माणसासाठी चाकू करत होता.

सोपानरावांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि ते धार दगडावर उलटी घासत बसले. मधूनमधून पातं स्वतःच्या गालावरून फिरवून बघत होते. मन भरलं तेव्हा त्यांनी मोर वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी डोळा दाबला. "एक, दोन, तीन," त्यांनी मोजलं, पात्यावरून टोकापर्यंत बोट फिरवलं आणि हसल्या. "व्हय, आता झाला नीट."

मी फळीवरच्या विळीकडं बघत उभा होतो.