खुनी कोण, ते शर्यत संपल्यावर

काकूंनी पुस्तक मळक्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी लपवलं. लग्न झाल्यापासून काकांनी त्या टोपलीत कपडे फक्त टाकले होते, बाहेर कधी काढले नव्हते. तेव्हा घरात याहून सुरक्षित जागा शोधून सापडली नसती.

आणि पुस्तक लपव म्हणून गळ घातली होती ती खुद्द काकांनीच. काकांना नाद दोन. वाचनाचा नाद जन्मापासूनचा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घ्यायची आणि घरी येऊन स्वतः त्याहून बारीक वाचायची, असं त्यांचं सुखाचं चाललं होतं. मग पन्नाशीला डॉक्टरांनी थोडं चाला म्हणून सांगितलं आणि काका चालायचं सोडून एकदम पळायलाच लागले. थोडं करणं त्यांच्या स्वभावातच नाही. वर्षभरात ते शहराच्या मोठ्या शर्यतीत उतरायच्या गोष्टी करू लागले. पदक अडकवायला त्यांनी पुस्तकांच्या कपाटावर भिंतीत एक खिळासुद्धा आधीच ठोकून ठेवला.

पण या दोन नादांचं आपसात पटत नव्हतं. गेल्या वर्षी काका शर्यतीला निघाले ते खिशात रहस्यकथा घालून. पाणी प्यायला थांबलो की एखादं पान, असा साधा हिशेब. शेवटच्या टप्प्यात पायात गोळा आला म्हणून ते एका बाकावर टेकले. खुनी कोण ते कळायला चारच पानं राहिली होती. आता चार पानांसाठी कोण उठतं? तेवढ्यात मागून बस आली. ही बस शर्यतीच्या शेपटाशी सावकाश येत असते, आणि जो तिच्या पुढे राहू शकत नाही त्याला उचलून आत बसवते. बसमध्ये बसला, त्याची शर्यत संपली. काकांनी शेवटचं पान बसमध्ये वाचलं.

मग काय, वर्षभर दुकानात येणारा जाणारा विचारायचा, "काय काका, आज पळत आलात की बसनं?" काका हसायचे. पण काकूंना ते हसू कळत होतं. मध्यंतरी काकांच्या थोरल्या बहीणबाई, म्हणजे काकूंच्या वन्सं, राहायला आल्या आणि भिंतीवर रिकामा खिळा दिसला म्हणून त्यावर कॅलेंडर लावून गेल्या. काकांनी ते न बोलता काढून दाराच्या मागे लावलं. त्या दिवशी काकूंच्या मनानं घेतलं, यंदा काही झालं तरी या माणसाला पदक मिळालंच पाहिजे.

तोड काकूंनीच काढली. त्या बसस्थानकावर निवेदिका होत्या. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, हे सगळं शहर त्यांच्याच आवाजात ऐकत आलं होतं. त्यांनी ठरवलं की पुस्तक काकांच्या हातातच द्यायचं नाही, कानात द्यायचं. नवीन रहस्यकथा त्या रोज थोडी थोडी मोठ्यानं वाचून फोनमध्ये भरून ठेवायच्या आणि काकांनी ती पळताना ऐकायची. अट एकच, पाय थांबले की गोष्टही थांबवायची. ही मात्रा अशी काही लागू पडली की विचारू नका. पुढे काय झालं ते कळावं म्हणून काका रोज एक चौक जास्त पळू लागले. आणि मोह नको म्हणून पुस्तक लपवायला सांगितलं ते यासाठीच.

सगळं छान चाललं असताना एका रविवारी काकांना कृतज्ञता दाटून आली. काकू कामावर गेल्या होत्या. आपली बायको आपल्यासाठी एवढा घसा कोरडा करते, आपणही तिचं एखादं काम करावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती टोपली उचलली, आत न बघता सगळीच्या सगळी मशीनमध्ये ओतली आणि बटण दाबून दुकानात निघून गेले.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा मशीनच्या गोल काचेमागे करडा लगदा आणि त्यात गुप्तहेराच्या टोपीचा एक तुकडा दिसत होता. काकूंनी कपाळावर हात मारला. पुस्तक रद्दीच्या दुकानातलं, जुनं. त्यांनी फोन करकरून सगळी दुकानं पालथी घातली, दुसरी प्रत काही मिळेना. आणि वाचून झालं होतं जेमतेम निम्मं, त्यामुळे खुनी कोण ते काकूंनाही माहीत नव्हतं. आता हे काकांना सांगावं, तर गोष्ट बुडाली आणि तीही आपल्याच हातानं, या दुःखात हा माणूस बूट माळ्यावर टाकणार. मग तो खिळा तसाच राहिला. काकूंनी लगदा गपचूप कचऱ्यात टाकला, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पुढची गोष्ट मनानंच सांगायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस त्या जपून होत्या. नंतर जीभ सुटली. आधी नुसता चिरूट ओढत गप्प बसणारा गुप्तहेर आता साक्षीदारांना, अंघोळ झाल्यावर ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसाबद्दल आपलं काय मत आहे, ते सुनावू लागला. मयताचा कारकून हुबेहूब बसस्थानकाच्या व्यवस्थापकासारखा निघाला आणि संशयितांमध्ये जमा झाला. मग मयताला एक थोरली बहीण फुटली. ती दोन दिवसांसाठी म्हणून यायची आणि घरातल्या सगळ्या बरण्यांच्या जागा बदलल्याशिवाय परत जायची नाही. हिला रंगवताना काकूंची रसवंती अशी काही वाहिली की एका बैठकीत दोन भाग झाले. काका घामाघूम होऊन यायचे, "आजचा भाग बरा होता," एवढंच म्हणायचे आणि केळं सोलायचे. त्यांचा टॉवेल मात्र आता दोरीवर दिसू लागला होता. लिखाणाचा परिणाम म्हणतात तो हाच असणार, असं काकूंना वाटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काकू शेवटचा भाग भरायला बसल्या. शेवटचे सगळे भाग काकांनी मुद्दाम शर्यतीसाठी राखून ठेवले होते. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. साखरेच्या बरणीच्या जागी विषाची बरणी कोणी ठेवली, ते आता तो सांगणार होता. अर्थात बहिणीनंच. काकूंनी ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला, "खुनी दुसरं तिसरं कोणी नसून," असं म्हटलं, आणि दाराची घंटा वाजली.

दारात वन्सं, बॅगेसह. भावाला पळताना बघायला आल्या होत्या, दोनच दिवसांसाठी. काकूंनी घाईघाईनं फोन बंद केला. उरलेलं वाक्य नंतर भरू म्हटलं, पण वन्सं काही त्यांची पाठ सोडेनात. त्या आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि बरण्या खाली घेऊ लागल्या. त्यांच्यासमोर ते वाक्य उच्चारायची काकूंची काय छाती होती? गोष्ट तिथेच राहिली, आणि भाजी, आवराआवर आणि वन्संच्या गुडघ्यांची हकीकत यात काकू ती साफ विसरल्या.

सकाळी काकांचे इअरफोन सापडेनात. वन्सं म्हणाल्या, काल टेबलावर लोळत होते ते मीच नीट जागी ठेवले, पण कुठे ते आत्ता आठवत नाही. निघायची वेळ झालेली. शेवटी काकांनी फोन दंडाला बांधला, आवाज पूर्ण मोठा केला आणि तसेच गेले.

वन्सं आणि काकू पुलाच्या तोंडाशी पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. शर्यतीची शेवटची रेषा पुलापलीकडे होती. जोरात पळणारे केव्हाच निघून गेले, मग मधले गेले, मग धापा टाकणारे गेले. काकांचा पत्ता नाही. आणि मग वळणावरून काका दिसायच्या आधी काकूंना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

तो खणखणीत आवाज सांगत होता, "आणि या बाईंनी आल्या आल्या बरण्या खाली घेतल्या." पाठोपाठ काका आले. पण एकटे नव्हते. त्यांच्या भोवती दहाबारा जणांचं कोंडाळं एका चालीत पळत होतं, सगळ्यांचे कान काकांच्या दंडाकडे. पुढे जायचं त्राण असलेलेसुद्धा पुढे जात नव्हते. त्यांच्या मागे ती बस. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. एरवी तो शहराच्याच गाड्या चालवायचा, आणि इतकी वर्षं त्या आवाजानं सांगितल्याशिवाय त्यानं गाडी कधी हलवली नव्हती. आता त्याच आवाजाला ओलांडून पुढे जायचं त्याला जमेना. शिवाय त्यालाही गोष्ट ऐकायची होती.

"हा तुझाच ना आवाज?" वन्सं म्हणाल्या.

काकूंचं धाबं दणाणलं. बहीण, बरण्या, दोन दिवस, सगळं चव्हाट्यावर चाललं होतं आणि वन्सं कान देऊन ऐकत होत्या. कोंडाळं अगदी समोर आलं, दंडावरचा आवाज खाली गेला, "खुनी दुसरं तिसरं कोणी नसून," म्हणाला, आणि घंटा वाजून सगळं शांत झालं.

कोंडाळं थांबलं. गोष्ट थांबली की पाय थांबवायचे, ही सवय काकांनी वाटेत सगळ्यांनाच लावली असावी. एका उंच मुलीनं फोन हलवून पाहिला. एका दंतवैद्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं की हे वाचलंय कोणी. काकांनी निमूटपणे काकूंकडे बोट दाखवलं, आणि सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. बस पाठीशी येऊन टेकली. आतला संयोजक घड्याळ बघत खाली उतरायला लागला, कारण थांबलेल्यांना आत घ्यायचा नियमच होता.

काकूंना डोळ्यांपुढे तो खिळा दिसला. त्यांनी एक श्वास घेतला, आणि मग बसस्थानकावरचा आवाज लावला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खुनी कोण, हे शर्यत संपल्यावर, रेषेच्या पलीकडे सांगण्यात येईल. बसने येणाऱ्यांना सांगण्यात येणार नाही."

मग ती उंच मुलगी सुटली, तिच्या मागे दंतवैद्य, आणि मधोमध आमचे काका, गेल्या वर्षीच्या बाकाकडे ढुंकूनही न बघता. संयोजक बसमधून ओरडला की चला, गाठा त्यांना. ड्रायव्हर म्हणाला, घोषणा झालीय साहेब, आधी त्यांना जाऊ द्या.

काकू आणि वन्सं पुलाच्या पायवाटेनं लगबगीनं निघाल्या. काकूंचा जीव अर्धा काकांच्या पायात आणि अर्धा वन्संच्या चेहऱ्यात अडकला होता. खुनी कारकुनाला करावं, का ऐनवेळी एखादा माळी आणून त्याला करावं, असं त्या मनात जुळवत होत्या. वन्संनी पाण्याची बाटली काकूंच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "ती बहीण."

"कोण बहीण?" काकू म्हणाल्या.

"बरण्यांवाली. त्या घरात डोकं असलेली ती एकटीच आहे, बाकी सगळे बावळट. शेवटी माळी-बिळी निघाला ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

काका रेषेवरून गेले तेव्हा घड्याळवाला टेबल आवरत होता, पण अजून आवरलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात पदक पडलं. ते वाकून धापा टाकत होते आणि काकू रडत होत्या, उघडउघड, पदरबिदर न लावता. मग सगळ्यांनी त्यांना घेरलं, ड्रायव्हरनं रिकाम्या बसचं इंजिन बंद केलं, आणि काकूंनी जाहीर केलं की खून थोरल्या बहिणीनं केला. टाळ्या पडल्या. बरण्या हलवल्या तेव्हाच मी ओळखलं होतं, असं ड्रायव्हर म्हणाला. आणि वन्संनी आजूबाजूला असं पाहिलं की जणू पदक त्यांनाच मिळालं.

गर्दी पांगल्यावर काका कठड्यावर बसून बूट सोडत होते. काकू शेजारी टेकल्या. म्हणाल्या, "एक सांगायचंय. ते पुस्तक आहे ना..."

"मशीनमध्ये धुतलं गेलं," काका म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?" काकू म्हणाल्या.

"माझ्या मोज्याला कागद चिकटला होता. सोलून वाचला. नुसतं 'म्हणाला' एवढंच होतं त्यावर. म्हटलं, आता काय बोलू, घाण तर मीच केलीय. तर दुसऱ्या दिवशी फोनमध्ये पुढचा भाग हजर. आणि पुढे काही दिवसांनी तो गुप्तहेर टॉवेलवर बोलायला लागला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस," काका म्हणाले. "इतकी पुस्तकं वाचली गं मी. पण एवढं लांब पळवत कोणी नेलं नव्हतं."

काकूंनी काकांचा घामेजला मोजा उचलून नुसताच हातात धरून ठेवला.

घरी आल्यावर पदक खिळ्यावर गेलं. काका त्याच्याकडे तिरके होऊन, सरळ होऊन, चष्मा काढून आणि घालून बघत राहिले. मग त्यांना पुन्हा कृतज्ञता दाटून आली. काकू चहाला लागल्या आहेत असं बघून त्यांनी शर्यतीचे कपडे टोपलीत टाकले, टोपली उचलली, सगळीच्या सगळी मशीनमध्ये ओतली आणि बटण दाबलं.

वन्सं ओट्याशी बरण्या पुसत होत्या. त्यांचा हात एकदम थांबला.

"अगं, आठवलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कोण कशाला हात लावतं ते मी बघून ठेवलंय. त्या कपड्यांच्या टोपलीत कोणी कधी हात घालत नाही. म्हणून मी इअरफोन तिथेच ठेवले, अगदी तळाशी."

काकूंनी वन्संकडे पाहिलं, मग वळून मशीनकडे पाहिलं. गोल काचेमागे कपडे फिरायला लागले होते आणि आत काहीतरी टकटक वाजत होतं.