हिरवं म्हणजे उभं

उपग्रहाला जे झाड हिरवं दिसतं ते उभंच असतं, असं २०२० साली आयर्लंडमधल्या एका कंपनीत रीतसर ठरलं. वादळात सूचिपर्णी जंगलांची किती पडझड झाली ते घरबसल्या मोजायचं, हा या कंपनीचा धंदा. ठरवणारे टीम लीड गिरीशराव मूळचे पुण्याचे, त्यामुळे एकदा ठरलं की ठरलं.

ऑक्टोबरअखेरच्या वादळानंतर डोनल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याचं स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं अख्खं रान आडवं झालं होतं आणि एक झाड मुळासकट उचकटून त्याच्या स्वयंपाकघरावर कललं होतं. पडलेलं झाड लगेच हलवता येत होतं. उभ्याला परवाना लागायचा, आणि तो हातात पडेपर्यंत शेजारी दुसरं झाड वाढलं असतं. तेव्हा झाड पडलंय, एवढंच त्याला कंपनीकडून लेखी हवं होतं.

फोन घेतला ॲडम्सटाउनला घरून काम करणाऱ्या विभावरीनं. तिच्या स्क्रीनवर रान हिरवंगार! वर ढग होते, म्हणून सिस्टिम वादळाआधीचाच फोटो दाखवत होती. आता आयर्लंडात ढग हटायची वाट बघायची म्हणजे झालंच की. डोनलनं स्वतः फोटो काढून पाठवला, तर तो जमिनीवरून काढलाय म्हणून गिरीशरावांनी नामंजूर केला. जाऊन बघावं, तर लॉकडाउनमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी. हा नियम गिरीशरावांना भलताच आवडला होता.

अखेर एक दिवस आभाळ उघडलं. ताजा फोटो आला. हिरवा.

"गिरीश, पडलेली स्प्रूस कित्येक महिने हिरवीच राहते," विभावरी म्हणाली.

"मग हिरवी आहे ना? सगळं ग्रँड आहे. उगाच फाटे फोडू नकोस."

विभावरीला स्वतःची लाज वाटली. पण तिचं वर्क परमिट कंपनीच्या हातात होतं. तिनं डोनलला आणखी थोडं थांबायला सांगितलं.

जानेवारीत ते झाड स्वयंपाकघराचं छप्पर फोडून कोसळलं. डोनल गोठ्यात होता म्हणून वाचला. त्यानं शांतपणे फोन केला.

"तुमच्या उपग्रहाला सांगा, आता माझी चहाची किटलीसुद्धा वरून दिसेल."

तीही दिसली नाही. छपरावर फांद्या पसरल्या होत्या, त्यामुळे सिस्टिमनं डोनलच्या घराची नोंद 'नवी लागवड' अशी केली. वादळात जंगल वाढवणारी पहिली कंपनी म्हणून व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजल्या. डोनल बहिणीकडे राहायला गेला.

त्या कॉलला गिरीशराव हजर होते, म्हणजे ब्लँचर्डस्टाउनला दुलईत घोरत होते. ऐन थंडीत मान हलवणारा टेबलफॅन लावून त्याला माउस बांधलेला. नावापुढे 'ऑनलाइन'चा हिरवा ठिपका, म्हणजे साहेब उभेच.

हसू नका. हे तुम्ही ऑफिसच्या वेळेत वाचताय, आणि तुमच्या नावापुढचा ठिपका कुठल्या रंगाचा आहे ते आम्हाला इथून दिसतंय.