मारोतभाऊंचा गंज

चांद्याची गोष्ट म्हटली की वाचणाऱ्याला वाघ पाहिजे असतो. म्हणून आधीच सांगतो, वाघ येणार आहे, पण आत्ताच येऊन जाणार आहे. आमच्या वीजघरामागच्या नाल्यावर एकदा वाघ दिसला. सगळे टिनाच्या छपरावर चढले. बॉयलरचे फिटर मारोतभाऊ तेवढे खाली उभे. म्हणाले, "किती डिग्रीले टिकन गा हा?"

झाला वाघ. आता मारोतभाऊ.

कोळशाच्या खाणीला वीज पुरवणारं आमचं वीजघर. तिथे मी हजेरी मांडायचो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या नकला करायचो. मारोतभाऊंची नक्कल एकदम सोपी. मान तिरकी, आणि एक डोळा बारीक, कारण जन्मभर भट्टीच्या भोकातून आत बघून तो तसाच बसला होता. आवाज असा, की समोरचा ठार बहिरा आहे. बॉयलरपाशी सगळेच बहिरे असतात म्हणा.

जगातली हर एक गोष्ट त्यांना डिग्रीत मोजायची असायची. पुतण्यासाठी मुलगी पाहायला वरोऱ्याला गेले. पोहे खाल्ले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगी मजबूत हाय. तुमचंच काही खरं दिसत नाई." बाप भडकला. मारोतभाऊ बाहेर येऊन पुतण्याला म्हणतात, "चाल बे. दोनशेलेच वाकला."

खिशात कायम लोखंडाचा एखादा तुकडा. न्हाव्याची शेगडी असो, लोहाराची भट्टी असो की लग्नातला चुल्हाणा, तुकडा आत गेलाच. लाल झाला की त्यावर वीट ठेवायची आणि बघत बसायचं. मग कोणी मेल्यासारखं सांगायचे, "वाकलं." बारा वर्षं हेच. न वाकणारं लोखंड कशाला पाहिजे, ते मात्र कोणालाच सांगत नव्हते.

तशात बॉयलरचे नवे आकडे आले. भट्टीच्या आत, भर आगीत, नळ्या तोलून धरायला हे आकडे लागतात. जुने मेणासारखे लोंबायचे. नवे निकल आणि क्रोम घातलेल्या पोलादाचे. पुण्याहून नवीनच आलेल्या साहेबांनी एक आकडा हातात धरून आम्हाला समजावलं, "पंचवीस भाग क्रोम, वीस भाग निकल, बाकी लोखंड. लाल होईल, पण वाकणार नाही. वर क्रोमची पातळ साय धरते, ती आतल्या धातूला जपते."

मारोतभाऊंचा बारीक डोळासुद्धा मोठा झाला.

"आणि मुख्य म्हणजे," साहेब म्हणाले, "याला गंज चढत नाही."

मारोतभाऊंचं तोंड पडलं. "काऊन नाई चढत?"

"क्रोममुळे."

"लहान गंज तरी?"

"लहान नाही, मोठा नाही. चढतच नाही."

"पितळेचा?"

साहेब गोंधळले. "पितळेचा हिरवा असतो. तोसुद्धा नाही."

"हिरवा? आमच्या घरचा तं काळा हाय, बुडाले!"

आता पुण्यात गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो तांबडा. आमच्याकडे त्याला म्हणतात जंग. आमचा गंज म्हणजे भात रांधायचं भांडं, आणि ते चुलीवर चढवतात. घोटाळा मला तिथल्या तिथे कळला होता. बोललो नाही. मी नकला करतो, दुभाष्याचं काम करत नाही.

दुसऱ्या दिवशी मारोतभाऊ घरून गंज घेऊन आले. बॉयलरखालचे निखारे ओढले, त्यात तीन नवे कोरे आकडे उलटे रोवले आणि वर भात टाकला. साहेब धावत आले.

"हे काय चाललंय?"

"गंज चढला, सायब!"

"कुठे?" साहेब खाली वाकून आकडे न्याहाळू लागले. "कुठे आहे गंज? मला तर दिसत नाही!"

"नाकासमोर तं हाय!"

भात शिजला. आकडा वाकला नाही. वाकले ते साहेब, हसून नाही, संतापून. शेवटी एक आकडा येतानाच तुटला होता, तो त्यांनी मारोतभाऊंच्या हातात कोंबला. "हा घ्या, आणि तुमचं ते भांडं घेऊन जा!"

गणपतीत मी हा सगळा प्रसंग मांडवात करून दाखवला. डोळा बारीक केला, मान तिरकी केली. साहेबांच्या आवाजात "पंचवीस भाग निकल, वीस भाग क्रोम" म्हणालो, तर साहेबच डोळे पुसत हसत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतले मारोतभाऊ उठले आणि चालते झाले.

माझं उरलेलं नाटक पाण्यात गेलं. सकाळी माफी मागायला त्यांच्या घरी पोचलो. त्यांची बायको, कौसाबाई, चुलीपाशी होत्या. चुलीवर काळी, ओबडधोबड तिपाई, तुटलेल्या आकड्याचे तुकडे जोडून केलेली. तिच्यावर गंज. कौसाबाईंच्या डाव्या पायाची कातडी घोट्यापासून बोटांपर्यंत चकचकीत, चुरगळलेली. माझी नजर त्यांनी पकडली.

"अंबील होती बाबू. जुनी तिपाई तापून वाकली, गंज उलटला पायावर. बारा वर्सं झाले. मी तं इसरली बाप्पा. हा मानूसच दुनियाभराचं लोखंड तापवून राह्यला."

मागच्या दाराने मारोतभाऊ आले. मी हात जोडले. "भाऊ, चुकलं माझं."

"चुकलंच!" ते बॉयलरपाशी ओरडतात तसे ओरडले. "नक्कल कर ना बे! डोळा बारीक कर, मान मोडून घे, मले काय त्याचं! पन पंचवीस निकल अन् वीस क्रोम? उलटं? भर मांडवात? इतल्या बाया बसल्या होत्या थं! उद्या कोनी तुह्यं आयकून उलटं मिसळलं, तिपाई वाकली, कोन्या बाईच्या पायावर गंज आला, मंग? तू जाशीन काय रे पोट्ट्या फुंकर माराले? सा महिने बसा लागते फुंकर मारत, मालूम हाय का तुले? सा महिने!"