सत्तावीस मालकांचा संडास

"संडास बांधायला कुणाचीच हरकत नसते," असे माडवणे ग्रामपंचायतीचे अधिकारी सर्वेश देसाई म्हणाले, तेव्हाच सुगंधाने सावध व्हायला हवे होते. ज्या कामाला कुणाची हरकत नसते त्यालाच सर्वांत जास्त कागद लागतात.

काम अगदी लहान होते. सुगंधाच्या सासूबाई, म्हणजे अक्का, ब्याऐंशी वर्षांच्या. जानेवारीत त्यांचा खुबा मोडला, ओरोसला ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. घरचा संडास परसात, अकरा पायऱ्या उतरून, माडांच्या पलीकडे. घर बांधणाऱ्यांनी तो शक्य तितका लांब ठेवला होता. ब्याऐंशीव्या वर्षी कुणाचा खुबा मोडेल हे त्यांनी हिशेबात धरले नव्हते. आता अक्कांना दिवसातून चार वेळा खुर्चीत बसवून न्यावे लागे. खुर्ची एका बाजूने सुगंधा उचलायची आणि दुसऱ्या बाजूने तिचा नवरा सत्यवान, ज्याला स्वतःला मणक्याचा त्रास होता. तेव्हा पडवीच्या टोकाला पाच फूट बाय सहा फूट एवढी जागा चिऱ्यांनी बंदिस्त करायची, इतकीच त्या कुटुंबाची विकासाची कल्पना होती.

देसाई भले गृहस्थ होते. कुणाला अडवावे असे त्यांच्या मनात नसे. सोडता मात्र येत नसे. त्यांनी सातबारा पाहिला. त्यावर सत्तावीस नावे होती आणि त्यांतली अकरा मयतांची. जमिनीची वाटणी कधीच झालेली नव्हती, त्यामुळे पडवीचा इंच न इंच सत्तावीस जणांचा होता.

"सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती लागेल," ते म्हणाले. "सही, पत्ता आणि आधारकार्डाची प्रत."

"मयतांची पण?"

"त्यांच्या वारसांची चालेल," देसाई उदारपणे म्हणाले.

सत्यवानने मुंबई, बडोदे आणि बेळगावला पत्रे टाकली. महिनाभरात एकच उत्तर आले. बडोद्याच्या भाईंनी, म्हणजे सत्यवानच्या थोरल्या चुलतभावाने, यंदा हापूस कसा आहे असे विचारले होते. संडासाबद्दल पत्रात अक्षर नव्हते. मग सत्यवानने 'गावकर परिवार' या व्हॉट्सॲप गटावर विनंती टाकली. तिला एकोणीस अंगठे आले. एके काळी सरकार अंगठा सहीच्या जागी धरत असे. हा धरता येत नाही, असे देसाईंनी खेदाने सांगितले.

अक्कांनी हे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "तेंच्यो सह्यो येयसर मी धरून रवू काय गो?"

यावर कायद्यात तरतूद नव्हती. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बारा दिवसांत चिरे लागले, पत्रा चढला, पांढऱ्या लाद्या बसल्या आणि भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा आला. तेराव्या दिवशी अक्का आत गेल्या आणि कुणाचा हात न धरता बाहेर आल्या. सुगंधा त्या वेळी तांदूळ निवडत होती. तिला पुढचा अर्धा तास खडा दिसेना.

पंधराव्या दिवशी लवूने तक्रार केली. लवू सत्यवानचा दुसरा चुलतभाऊ, त्याच घराच्या दक्षिणेच्या अर्ध्यात राहणारा. पर्यटकांसाठी त्याने तीन खोल्या विनापरवाना बांधल्या होत्या, त्यामुळे विनापरवाना बांधकाम ओळखण्यात त्याची नजर तयार होती. संडासाची हवेची नळी त्याच्या अंगणातल्या खळ्यातून दिसत असे आणि पर्यटकांच्या सूर्यास्ताच्या फोटोंत येत असे.

"भावजी, आधी माका सांगूचा होता," सुगंधा त्याला म्हणाली. "नळी फिरवून घेतली असती."

"वयनी, माझा तुमच्यावांगडा भांडाण नाय," लवू म्हणाला. "पण कायदो तो कायदो."

देसाई फीत घेऊन पंचनाम्याला आले तेव्हा अक्का आतच होत्या. देसाई आणि शिपाई वीस मिनिटे पडवीत थांबले, कोकम सरबत प्याले, बाहेरून मापे घेतली आणि पंचनाम्यात लिहून गेले : 'बांधकाम पूर्ण. वापर चालू. अंतर्गत पाहणी होऊ शकली नाही.' त्यावर तीस दिवसांत बांधकाम पाडण्याची नोटीस निघायची होती.

"पाडूक येतले तेव्हा मी भितर आसतलंय," अक्का म्हणाल्या. "तेंका सांगून ठेव."

सुगंधाने ते सांगितले नाही, पण अक्का बोलल्याप्रमाणे वागतात हे तिला लग्नापासून माहीत होते. तिला रात्री झोप लागेना. पाडले तर पुन्हा खुर्ची, पुन्हा अकरा पायऱ्या, आणि सत्यवानचा मणका तर एव्हाना पडवी चढतानाही कुरकुरत होता.

नोटीस मात्र निघेना, कारण ती कुणाच्या नावाने काढायची हा प्रश्न उभा राहिला. जमीन सत्तावीस जणांची. तेव्हा तिच्यावरचे अनधिकृत बांधकामही सत्तावीस जणांनी केले, असे कागद म्हणत होता. देसाईंनी तालुक्याला विचारले. तालुक्याने, कागद बरोबर म्हणतो, असे कळवले. मग सत्तावीस नोटिसा, मयतांच्या त्यांच्या वारसांकडे, रजिस्टर पोस्टाने गेल्या. चौदाव्या क्रमांकावर लवू होता.

मुदत वाढवून मागायला सुगंधा पंचायतीत बसली होती, तेव्हाच लवू आपली नोटीस हातात धरून आत आला. कचेरीत शिरल्याबरोबर त्याची भाषा शुद्ध झाली.

"साहेब, काहीतरी चूक झाली आहे. तक्रार मीच केली आहे."

"म्हणजे बांधकाम अनधिकृत आहे हे तुम्हाला माहीत होतं," देसाई फाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "मग तुम्ही ते अजून पाडलं का नाही?"

लवू सुगंधाशेजारी बाकावर बसला. नंतर त्याने सुगंधाला, वयनी, पाणी आसा काय, असे विचारले.

त्यानंतर उत्तरे यायला लागली. ज्यांनी संमतीच्या पत्राला तीन ओळी लिहिल्या नव्हत्या, त्यांनी दहा दिवसांत दोन-दोन पाने धाडली. गावच्या जमिनीवर आपल्या मालकीचे काहीतरी उभे आहे आणि ते पाडले जाणार आहे, एवढे सरकारी कागदावरून त्यांना कळले होते. काय उभे आहे हे विचारण्यात कुणी वेळ घालवला नाही. बडोद्याच्या भाईंनी वकिलाकडून लिहवून घेतले : 'सदर वास्तूत माझा अविभक्त हिस्सा असून माझ्या संमतीशिवाय ती पाडल्यास ग्रामपंचायत जबाबदार राहील.' मयतांच्या वारसांनी तर मृत्यूचे दाखलेसुद्धा जोडले. तलाठी पंधरा वर्षे हे दाखले मागत होता. प्रत्येकाने आपला हक्क शाबीत करण्यासाठी सही, पत्ता आणि आधारकार्डाची प्रत न चुकता पाठवली.

लवूने आठ दिवस तग धरला. मग सव्वीस जणांनी हिस्सा सांगितला आहे आणि आपण एकटेच त्यातून बाहेर राहणार, हे त्याच्या ध्यानात आले. त्यानेही हक्क सांगितला. स्वतःच्याच वास्तूविरुद्ध तक्रार शोभत नाही म्हणून ती त्याने त्याच अर्जात मागे घेतली.

जुलैच्या एका दुपारी देसाईंनी सुगंधाला बोलावले. त्यांच्या समोर फाइल होती आणि चेहऱ्यावर थोडी भीती.

"वहिनी, संमती पूर्ण झाली. सत्तावीस."

"पण साहेब," सुगंधा प्रामाणिकपणे म्हणाली, "त्यांनी संमती दिलेली नाही. पाडायला हरकत घेतली आहे."

"बांधकाम राहावं असं सर्व मालकांनी सहीनिशी लिहून दिलंय. संमती म्हणजे दुसरं काय असतं?" त्यांनी आवाज उतरवला. "माझ्या नोकरीत सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मी पहिल्यांदाच पाहतोय. आता जास्त विचारू नका."

मासिक सभेत ठराव झाला आणि बांधकाम नियमित झाले. परवान्यावर मालकांची नावे पुढच्या बाजूला मावली नाहीत, म्हणून अर्धी मागच्या बाजूला घेतली. सुगंधाने परवाना कपाटात ठेवला आणि त्या रात्री ती सहा महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली.

डिसेंबरात गावची जत्रा आली. एरवी जत्रेला चार-पाच घरे यायची; या वर्षी एकोणीस मालक सहकुटुंब आले. सर्वांना आपली वास्तू पाहायची होती. भाईंनी ती पाहिली आणि दारातच मोबाइलवर भागाकार केला. तीस चौरस फूट भागिले सत्तावीस. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक लादी आली. पण बडोद्याहून लादीसाठी आलेला माणूस लादी न वापरता परत जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पडवीत अकरा जण उभे होते, खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. अक्का वॉकर धरून आपल्या खोलीच्या दाराशी आल्या आणि रांग पाहून थबकल्या. आधी अक्कांना जाऊ द्या, असे सुगंधाने विनवले. भाईंनी ब्रश काढून समजूत घातली.

"सुगंधा, आमचं काकींवर प्रेमच आहे. पण हक्क सगळ्यांचा सारखा. एकदा पायंडा पडला की कठीण होतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. लवूने जरा जास्तच हलवली. या सभ्य चर्चेत कुणाचे लक्ष नसताना अक्का रांगेच्या कडेने वॉकर टेकत पुढे गेल्या, आत शिरल्या आणि त्यांनी कडी घातली.

दहा मिनिटांनी भाईंनी दारावर बोट वाजवले. "काकी, किती वेळ? रांग आहे."

"तुझो नंबर कितवो रे?" आतून आवाज आला.

"मी पहिला उभा आहे."

"उभो रवल्यान काय होता? सातबाऱ्यार नावा आसत तशी रांग लावा. पयला नाव आमच्या ह्यांचा आसा."

सुगंधाने आत जाऊन कपाटातून सातबारा आणला. पहिले नाव खरोखरच तिच्या सासऱ्यांचे होते. ज्यांनी आपला हिस्सा कागदावरून सांगितला होता त्यांना आता कागद नाकारता येईना. अकरा जण चष्मे शोधून सातबाऱ्यावर वाकले. कोण कुणाचा वारस, कुणाचा बाप आधी, कुणाचा काका नंतर, यावरून दोन जुने तंटे उकरून निघाले. सर्वांना मान्य होईल अशी रांग लागायला पाऊण तास लागला.

अक्कांना तेवढा पुरला.