ज्याला काही आठवत नाही असा फोन

अप्पांना कुणाचाही फोन नंबर विचारू नये. मी काशीत नवा होतो तेव्हा एकदा विचारला. अप्पांनी मान ताठ केली, घसा खाकरला आणि सुरू झाले, "चार-दोन, दोन-चार, चार-दोन! दोन-सात, सात-दोन, दोन-सात!" मी भराभर लिहीत गेलो. ते थांबले तेव्हा कागदावर तीस आकडे होते. नंबर सहाच आकडी होता.

अप्पा म्हणजे आमच्या अहिल्याबाई घाटाजवळच्या गल्लीतले वेदपाठी. लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासून जे कानावर पडेल ते पाठ. वेद पाठ करायची एक रीत अशी की दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सरळ. पुढे दुसरा आणि तिसरा तसेच. याला जटा म्हणतात. अशानं अक्षर हरवत नाही. "आमची एक मात्रा हलली नाही, सातारकर, आणि त्या टेलिफोनवाल्यांची किताब दर साल बदलते. समझलं?" मी रेल्वेतला बदलीवर आलेला माणूस, गाव सातारा, म्हणून सातारकर. माझं खरं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही.

घरात अप्पा एकटे. एकुलती एक मुलगी शालू बँकेतल्या एका बंगाली मुलाशी न विचारता लग्न करून विद्यापीठाच्या बाजूला राहायला गेली होती. रिक्षानं अर्ध्या तासाची वाट. अप्पांनी त्याच दिवशी गंगेचं पाणी हातात घेऊन सांगितलं, "मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही." चार वर्षं बोलले नव्हते. शब्दांच्या बाबतीत हा माणूस भयंकर काटेकोर.

अशा माणसानं फोनसाठी अर्ज का केला, हे गल्लीला कळेना. बोलायची ती सगळी माणसं हाकेच्या अंतरावर. विचारलं तर "यजमानांसाठी" म्हणत, आणि यजमान तर सकाळी थेट ओट्यावर येऊन बसलेले असत. वर अट एकच. "नंबर मी फिरवणार. माझ्या बोटानं. दुसऱ्याचं बोट लागता कामा नये." तेवढ्यावर अडून बसलेले.

लाइन मिळाली आणि फोन निवडायला मी त्यांना गोदौलियाला घेऊन गेलो. बाजारात तेव्हा बटणांचे फोन नुकतेच आले होते. दुकानदारानं पहिलाच असा काढला की अप्पांचं बोट पाचाच्या बटणावरच्या बारीक उंचवट्यावर थबकलं. चेहरा उजळला. "पाच सापडला! आता बाकीचे जातात कुठे!" मला वाटलं, चला, पाच मिनिटांत घरी.

"और ये देखिए गुरुजी, रीडायल," दुकानदार म्हणाला. "एक बटन दबाइए, पिछला नंबर अपने आप लग जाएगा."

"कोई भी दबाए तो?"

"कोई भी!"

अप्पांनी निखारा लागल्यासारखा हात मागे घेतला. "दुसरा दाखवा."

दुसऱ्यात दहा नंबर साठवता येत होते. "याच्या पोटात नंबर राहतात? नको." तिसऱ्यात आवाज खोलीभर ऐकू येई. त्याला तर त्यांनी हातच जोडले. मी चक्रावून गेलो. आंधळ्या माणसाची ज्यानं सोय होईल, तेच नेमकं यांना नको!

शेवटी दुकानदारानं वैतागून माळ्यावरून एक जुना काळा, तबकडीचा फोन काढला. धोंड्यासारखा जड, आणि तबकडी इतकी घट्ट की माझंच बोट दुखलं. अप्पांनी भोकं मोजली. उलटी मोजली. पुन्हा सरळ मोजली.

"याला कालचं काही आठवत नाही न?"

"इसको कुछ याद नहीं रहता, गुरुजी."

"मग हाच."

मी वाटेत जीव तोडून समजावलं. अप्पा फोन पोटाशी धरून रिक्षात बसले होते, हसत.

त्यानंतर रोज दुपारी त्यांच्या खिडकीतून तबकडीची करकर ऐकू यायची. मग पाच-दहा मिनिटं काहीच नाही. शब्द नाही, हुंकार नाही. फोन बिघडलाय का, म्हणून मी दोनदा विचारलं. "उत्तम चालतो," म्हणाले. मी विचारणं सोडून दिलं.

मग एका होमात त्यांच्या उजव्या हातावर कढत तूप सांडलं. हाताला मनगटापर्यंत पट्टी. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"नंबर फिरवून द्या, सातारकर."

"डाव्या हातानं फिरवा की."

"शुभ काम डाव्या हातानं करत नसतात."

फोन करणं शुभ काम कधीपासून झालं, मला कळेना. त्यांनी जटा सुरू केली, मी ऐकत तसाच फिरवत गेलो. कुणा साडीवाल्याची शिवी खाल्ली. "मधे थांबवू नका, जटा तुटते," म्हणून उलट मलाच रागावले. शेवटी सगळं कागदावर उतरवलं, त्यातून सहा आकडे वेचले आणि लावला. घंटा वाजली. अप्पांनी रिसीव्हर ओढून घेतला.

त्या जुन्या फोनचा आवाज मोठा. मला स्पष्ट ऐकू आलं.

"हॅलो." क्षणभर थांबून, "अप्पा? चार दिवस कुठे होतात? बरे आहात न?"

अप्पा गप्प.

"बरं, नका बोलू. ऐका. काल गवार केली होती, तुमच्यासारखी, गूळ घालून. यांना आवडायला लागलीये आता." आवाज बसलेला होता. मधेच खोकली. अशीच बोलत राहिली, रोजच्या सवयीनं. अप्पा रिसीव्हर कानाशी दाबून, ओठ घट्ट मिटून उभे. एक शब्द बोलले नाहीत. मग हळूच ठेवला.

"लागला नाही," म्हणाले.

मी बरं म्हटलं. दारापर्यंत गेलो तर मागून हाक आली. अप्पा डाव्या हातानं फडताळ चाचपत होते. पाठ करून घसा बसला की ते चघळत ती ज्येष्ठमधाची डबी त्यांनी काढली, आणि ती मात्र पट्टीच्या उजव्या हातानं माझ्यापुढे धरली.

"एवढं पोचवाल? काही बोलायचं नाही. नुसतं द्यायचं."

"पत्ता?"

अप्पांनी मान ताठ केली, घसा खाकरला, आणि ज्या घराची पायरी ते एकदाही चढले नव्हते त्याचा पत्ता मला सरळ, उलटा आणि पुन्हा सरळ म्हणून दाखवला. मी सगळा लिहून घेतला.